मेलबर्नचा आघाडीवीर : नेव्हिल डिसोझा

भारतातील फुटबॉलचा विषय निघाला की सर्वप्रथम कोलकात्याचे नाव घेतले जाते. ते स्वाभाविकही आहे. १९११ साली मोहन बागान संघाच्या बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या तरुणांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या बूटधारी इंग्रज लष्करी संघाला हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली, तेव्हापासून हा खेळ बंगालच्या अभिमानाचा विषय झाला. परंतु ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉलने जे सर्वोच्च स्थान मिळवले, त्याच्याशी ज्या खेळाडूचे नाव कायमचे जोडले गेले, तो खेळाडू बंगालचा नव्हता. त्याचा जन्म गोव्यात झाला आणि त्याचा खेळ बहरला मुंबईत. नेव्हिल स्टीफन डिसोझा हे त्याचे नाव. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न येथे एका सामन्यात तीन गोल करून ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक साधणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. आज महाराष्ट्रातील किंवा गोव्यातील किती शाळकरी मुलांना हे नाव ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी बार्देश तालुक्यातील आसगाव येथे झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. आसगावला लागूनच शिवोली हे गाव आहे आणि गोव्यातील फुटबॉलचा उगम याच परिसरात झाला असे मानतात. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक धर्मगुरू प्रकृती सुधारण्यासाठी शिवोलीस येऊन राहिले. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना ख्रिस्ती शिक्षणाबरोबर फुटबॉलही शिकवला. पुढे चर्चच्या शाळांमधून हा खेळ गावोगाव पसरला. भाताची कापणी आटोपली की रिकामी शेते हीच मैदाने होत. दोन काठ्या रोवल्या की गोलखांब तयार. एका वाड्याचा संघ दुसऱ्या वाड्याशी, एक गाव दुसऱ्या गावाशी भिडे आणि सायंकाळी चर्चसमोरच्या चौकात त्या सामन्याची चर्चा रंगे. गोव्यावर राज्य पोर्तुगिजांचे, पण तेथे फुटबॉल आणला तो इंग्रजी बोलणाऱ्या एका पाद्र्याने, ही इतिहासातील एक गमतीची गोष्ट म्हणावी लागेल.

बार्देशातील घरांचा संसार मात्र केवळ शेतीवर चालत नसे. तेथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जात. कोणी आगबोटीवर नोकरी धरी, कोणी साहेबाच्या स्वयंपाकघरात, कोणी बँडपथकात, तर कोणी कचेरीत कारकुनी करी. धोबीतलाव, माझगाव, डोंगरी या भागांत गोव्याच्या एकेका गावाचे ‘कूड’ असे. कूड म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणीतून चालवलेले निवासस्थान. बोटीवरून उतरलेला वा नोकरीच्या शोधात आलेला गावकरी तेथे अल्प खर्चात राही, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होई आणि सुटीच्या दिवशी फुटबॉल आणि हॉकी. मुंबईच्या मैदानांवर गोमंतकीय नावे इतक्या संख्येने का दिसत, याचे उत्तर या स्थलांतरात आहे. नेव्हिल यांची फुटबॉलची कारकीर्दही मुंबईतच घडली. त्यांचे बंधू डेरेक हेही नामवंत फुटबॉलपटू होते.

मुंबईच्या फुटबॉलचे केंद्र म्हणजे कुलाब्याकडे जाताना लागणारे कूपरेज मैदान. रोव्हर्स करंडक ही देशातील एक जुनी स्पर्धा १८९१ साली मुंबईत सुरू झाली. प्रारंभी तिच्यावर ब्रिटिश पलटणींचे वर्चस्व होते. स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या आणि त्यांची जागा एका नव्या शक्तीने घेतली. ती म्हणजे कंपन्यांचे संघ. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, रेल्वे अशा संस्था उत्तम खेळाडूंना नोकरी देत. खेळाडू दिवसा कचेरीत हजेरी लावी, दुपारनंतर त्याला सरावासाठी सोडत आणि महिनाअखेर त्याला पगार मिळे तो कर्मचारी म्हणून. फुटबॉल खेळण्याचे वेगळे मानधन नसे. ऑलिंपिकमध्ये केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश असल्याने या व्यवस्थेला मान्यताही होती. नेव्हिल टाटांच्या संघाकडून खेळले आणि राष्ट्रीय पातळीवरील संतोष करंडक स्पर्धेत त्यांनी मुंबईचे प्रतिनिधित्व केले. या व्यवस्थेने खेळाडूच्या घरची चूल पेटती ठेवली, हे तिचे मोठेच श्रेय होय. पण खेळाडूचे वय झाल्यावर त्याच्या ज्ञानाचे काय करायचे, याचा विचार तिच्यात नव्हता. कचेरीच्या दृष्टीने तो पुन्हा एक कर्मचारीच उरे.

नेव्हिल खेळत ती जागा मध्य आघाडीची. ज्यांनी हा खेळ जवळून पाहिलेला नाही, त्यांना या जागेचे महत्त्व थोडे समजावून सांगितले पाहिजे. संघातील अकरा जणांपैकी प्रतिपक्षाच्या गोलाच्या सर्वांत निकट वावरणारा हा खेळाडू. सामन्यातील नव्वद मिनिटांपैकी बराच काळ त्याच्या पायाशी चेंडू नसतो. पाठीशी एक धिप्पाड बचावपटू सावलीसारखा असतो. दोन्ही बगलांवरून चेंडू कधी येईल, किती उंचीवरून येईल, याचा अंदाज घेत त्याला जागा बदलत राहावे लागते, आणि संधी मिळते ती एखाद्या क्षणाची. तो क्षण साधला तर विजय, हुकला तर सारा दोष त्याच्या माथी. असा खेळाडू एकट्याच्या बळावर यशस्वी होत नाही. त्याच्यापर्यंत चेंडू योग्य वेळी पोहोचवणारे साथीदार लागतात आणि त्या साथीदारांना एका सूत्रात ओवणारा प्रशिक्षक लागतो.

नेव्हिल यांना तो प्रशिक्षक लाभला. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून खेळलेला हा खेळाडू पुढे प्रशिक्षक झाला आणि त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस हा संघ घडवला. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे या संघाने रोव्हर्स करंडक जिंकला. म्हणजे रहीम यांच्या पद्धतीचा खेळ मुंबईकरांनी कूपरेजवर वर्षानुवर्षे पाहिला होता. लांबवर चेंडू भिरकावून त्यामागे धावत सुटण्यापेक्षा जमिनीलगत, आखूड अंतराने, एकमेकांकडे चेंडू देत पुढे सरकणे हे त्या पद्धतीचे सार होते. १९५१ साली दिल्लीतील पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले. पण त्याच्या दुसऱ्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडवला. भारताचे बहुतेक खेळाडू तोवर अनवाणी खेळत. थंड, ओलसर मैदानावर बूट घातलेल्या बलदंड युरोपीय खेळाडूंपुढे त्यांचे काही चालले नाही. या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट घालणे सक्तीचे केले. रहीम यांनीही पराभवाचे खापर दैवावर फोडले नाही. त्या काळात हंगेरीच्या संघाने फुटबॉलची मांडणीच बदलून टाकली होती. नोव्हेंबर १९५३ मध्ये त्यांनी इंग्लंडला वेम्बलीच्या मैदानावर ६–३ असे हरवले, तेव्हा साऱ्या जगाचे डोळे उघडले. डोळे उघडे असणाऱ्यांत हैदराबादचा हा मास्तरही होता. पाच आघाडीवीर एका रांगेत उभे करण्याची जुनी पद्धत सोडून त्यांनी भारतीय संघाला नव्या रचनेची सवय लावली.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी निवडलेल्या संघाकडे पाहिले तर तो देशाच्या नकाशासारखा दिसतो. कर्णधार समर उर्फ बद्रू बॅनर्जी बंगालचे. उजव्या बगलेवर पी. के. बॅनर्जी. हैदराबादचे तुलसीदास बलराम, अझीझुद्दीन, नूर महंमद. म्हैसूर राज्यातील केंपय्या. गोलरक्षणासाठी पीटर थंगराज आणि मुंबईचे एस. एस. नारायण. आणि मध्य आघाडीवर नेव्हिल.

या नकाशात नेव्हिल यांचे जन्मगाव मात्र नव्हते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सरहद्दीवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. त्यानंतर भारताने गोव्याशी असलेले दळणवळण तोडले आणि सीमा बंद झाली. मुंबईतील हजारो गोमंतकीयांना घरी जाणे, आईवडिलांना भेटणे, पैसे पाठवणे दुष्कर झाले. त्याच काळात बार्देशात जन्मलेला एक तरुण भारताचा गणवेश चढवून ऑस्ट्रेलियास निघाला होता. गोवा स्वतंत्र झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी.

मेलबर्नमध्ये पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी पडायची होती. परंतु त्या शरद ऋतूत हंगेरीत उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेत उतरलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली आणि उपउपांत्य सामन्यात समोर आला यजमान ऑस्ट्रेलिया.

१ डिसेंबरला ऑलिंपिक पार्क मैदानावर हा सामना झाला. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांचा दुसरा गोल झाला. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मॉरो यांनी त्याचीही परतफेड केली. मध्यंतराला २–२. मैदान यजमानांचे, प्रेक्षक यजमानांचे, आणि दोनदा आघाडी घेऊन दोन्ही वेळा ती गमावलेली. अशा वेळी मन खचते आणि पाय जड होतात, हे कोणताही खेळाडू जाणतो. उत्तरार्ध सुरू होऊन पाचच मिनिटे झाली होती. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी आपला तिसरा गोल केला. या वेळी आघाडी टिकली. ऐंशीव्या मिनिटाला कृष्णस्वामी, ज्यांना सारे किट्टू म्हणत, त्यांनी चौथा गोल करून विजयावर शिक्कामोर्तब केले. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला.

या यशाचे मोल कमी करणारे आक्षेपही घेतले जातात आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. त्या स्पर्धेत अवघे अकरा संघ उतरले होते. अंतर दूरचे, खर्च फार, त्यात राजकीय बहिष्कार. त्यामुळे अनेक देश आलेच नाहीत. हंगेरी आले असते तर काय झाले असते, हेही सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियाचा संघ तर ऑलिंपिकमध्ये प्रथमच खेळत होता. हे सारे खरे आहे. मात्र भारताचा विजय हा योगायोग होता असे ज्यांना वाटले असेल, त्यांना त्याचे उत्तर बाराच दिवसांत मिळाले. ऑलिंपिकनंतर सिडनीत झालेल्या सामन्यात भारताने त्याच ऑस्ट्रेलियाला ७–१ असे हरवले.

भारताच्या सामर्थ्याची खरी कसोटी उपांत्य सामन्यात लागली. ४ डिसेंबरला मेलबर्नच्या विशाल क्रिकेट मैदानावर भारतासमोर उभा होता युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा तोच देश. १९४८ आणि १९५२ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले होते. पूर्वार्ध संपला तेव्हा फलकावर दोन्हींकडे शून्य होते. हेलसिंकीच्या आठवणीने हा सामना पाहणाऱ्यांना तेवढेही नवलाचे वाटले असेल. त्यानंतर बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला आणि भारताने युगोस्लाव्हियावर आघाडी घेतली.

ती आघाडी दोनच मिनिटे टिकली. चोपन्नाव्या मिनिटाला झ्लात्को पापेच यांनी बरोबरी केली, सत्तावन्नाव्या मिनिटाला तोदोर वेसेलिनोव्हिच यांनी दुसरा गोल केला, पासष्टाव्या मिनिटाला पापेच यांनी तिसरा. पुढे भारताच्या बचावपटूच्या पायाला लागून चेंडू स्वत:च्याच जाळ्यात गेला. सामना ४–१ असा गेला. पराभव स्पष्ट होता; पण दहा गोलांच्या नामुष्कीपासून ते आघाडी घेण्यापर्यंतचा प्रवास भारतीय संघाने चार वर्षांत केला होता आणि त्या प्रवासाचा अखेरचा टप्पा नेव्हिल यांच्या पायाने गाठला होता. ती दोन मिनिटे भारतीय फुटबॉलच्या इतिहासात ऑस्ट्रेलियावरील विजयाहूनही मोलाची आहेत, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

७ डिसेंबरला कांस्यपदकासाठीच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला ३–० असे हरवले. भारत चौथा आला. पदक हुकले. चार गोल करणारे तीन खेळाडू स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचे मानकरी ठरले : युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोव्हिच, बल्गेरियाचे दिमितार मिलानोव्ह आणि भारताचे नेव्हिल डिसोझा.

त्यानंतरची हकिगत थोडक्यात संपते. भारताच्या आघाडीच्या फळीत चुनी गोस्वामी यांच्यासारखे नवे खेळाडू आले. पी. के. बॅनर्जी आणि बलराम यांचा खेळ ऐन भरात होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी जो संघ निवडला गेला, त्यात नेव्हिल नव्हते. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून पुन्हा सुवर्णपदक जिंकले. कर्करोगाने पोखरलेल्या देहाने रहीम त्या संघाला मार्गदर्शन करीत होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. शाळामास्तर प्रशिक्षकाने उभारलेले ते युग तेथेच संपले.

मेलबर्नच्या त्या तीन मानकऱ्यांपैकी वेसेलिनोव्हिच यांचे पुढील आयुष्य पाहण्यासारखे आहे. खेळ थांबला तेव्हा त्यांनी प्रशिक्षकाचा व्यवसाय पत्करला. कोलंबियाच्या राष्ट्रीय संघाला त्यांनी शिकवले, ग्रीसमध्ये ऑलिंपियाकोस संघ सांभाळला आणि तुर्कस्तानच्या फेनरबाचे संघाला १९८५ व १९८९ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानच्या कुनिशिगे कामामोतो यांनी नायजेरियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि एकूण सात गोल करून जपानला कांस्यपदक मिळवून दिले. तेही पुढे प्रशिक्षक झाले. भारतातही पी. के. बॅनर्जी यांनी खेळाडूपणानंतर प्रशिक्षक म्हणून दुसरे आयुष्य उभे केले. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताला मिळालेल्या कांस्यपदकात त्यांचा वाटा होता आणि कोलकात्याच्या मोठ्या संघांनी त्यांच्या ज्ञानाचा वर्षानुवर्षे उपयोग करून घेतला. आघाडीच्या खेळाडूला आयुष्यभर एक गोष्ट विशेषत्वाने कळलेली असते : बचावाची भिंत कोठे कच्ची आहे. ही जाण शब्दांत मांडून तरुणांना देता आली तर एका खेळाडूचे दहा खेळाडू होतात. कोलकात्यात त्यासाठी श्रीमंत क्लब होते, वर्तमानपत्रे होती, लाखभर लोकांचा प्रेक्षकवर्ग होता. मुंबईत होत्या त्या कंपन्या आणि त्यांची हजेरीपत्रके. नेव्हिल यांचे नाव राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदाशी कधी जोडले गेले नाही.

सन्मानांच्या बाबतीतही असेच घडले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा फुटबॉलचा पहिला पुरस्कार पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. पुढच्याच वर्षी तो बलराम यांना आणि १९६७ साली थंगराज यांना देण्यात आला. मेलबर्नच्या संघातील हे तिघे त्यास सर्वथा पात्र होते. त्याच स्पर्धेत भारताच्या पाच गोलांपैकी चार गोल करणाऱ्या खेळाडूचे नाव मात्र अर्जुन पुरस्काराच्या यादीत शोधूनही सापडत नाही. चार वर्षांनी एकदा ऑलिंपिक आले की वृत्तपत्रांतून त्यांची आठवण निघते आणि पुन्हा मागे पडते.

१७ मार्च १९८० रोजी मुंबई येथे नेव्हिल डिसोझा यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ४७ वर्षांचे होते. गोव्याच्या संघाने संतोष करंडकावर प्रथमच नाव कोरले, ते त्यानंतर काही वर्षांतच.